साडेसात इंच

युसुफ मुकादमच्या घरात चेंडूचं नाव काढायचं नाही, असा दंडक होता. दंडक युसुफचा नव्हता आणि त्याच्या बायकोचा, हलिमाचाही नव्हता. तो घातला होता त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, रिझवानानं, वयाच्या पंधराव्या वर्षी. पुढे तिचं लग्न झालं, ती वहूरला नांदायला गेली, तरी दंडक घरात तसाच राहिला. बाहेर मात्र सगळं महाड युसुफला चेंडूनंच ओळखायचं. एसटी स्टँडाजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि रोज सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर तो मुलींकडून बास्केटबॉलचा सराव करून घ्यायचा. मैदानावर त्याचा आवाज चार आळ्यांना ऐकू जायचा, आणि घराचा उंबरा ओलांडला की माणूस मुका. रिझवानानं एकदा चेंडू हातात घ्यावा, एवढंच त्याला हवं होतं. खेळू नये हवं तर, नुसता घ्यावा. सहा वर्षं त्यानं ही एकच गोष्ट मनात धरून ठेवली होती.

हा चेंडू महाडात आला तीही एक कथाच आहे. युसुफ सात वर्षं कुवेतला एका कंपनीच्या गोदामात होता. कॅम्पात फिलिपिन्सची माणसं होती, ती संध्याकाळी पत्र्याच्या शेडमागे रिंग लावून खेळायची. युसुफ आधी नुसते कुंपणाबाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचा. वर्षभरात त्यांनी त्याला आत ओढलं. उंचीनं बेताचा गडी, पण हाताला चेंडूची अशी काही ओळख पटली की ते लोकही चाट पडले. मग नव्वद सालच्या ऑगस्टात तिथं लढाई आली आणि कोकणातली कितीतरी माणसं नेसत्या कपड्यांनिशी वाळवंटातून पळाली. युसुफ महिन्याभरानं महाडच्या स्टँडावर उतरला तेव्हा हलिमा नऊ वर्षांच्या रिझवानाला घेऊन उभी होती. त्यानं पिशवीतून हवा काढलेला, भाकरीसारखा चपटा झालेला चेंडू बाहेर काढला आणि त्याच्याखालून एक पोलादी मापाची टेप.

"अवो, आनि सोनं?" हलिमानं विचारलं.

"सोनं तिकडंच ऱ्हायलं. ह्ये हाय."

हलिमा आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. रिझवाना मात्र घरी येईपर्यंत त्या चपट्या चेंडूवरून हात फिरवत होती.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर युसुफनं शाळेला गळ घातली. नळपाणी योजनेचे जुने पाइप मैदानाच्या कडेला पडून होते, ते त्यानं वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतले, सागाच्या फळ्यांचा बोर्ड केला, सळईची रिंग वळवून घेतली. खांब रोवले त्या दिवशी मुख्याध्यापक, शाळेचा शिपाई कोंडाजी आणि पन्नासेक पोरं यांच्यासमक्ष त्यानं कुवेतची टेप लावली. जमिनीपासून रिंगपर्यंत दहा फूट. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. खांबाच्या बुडाशी रिझवानानं चुन्यात ब्रश बुडवून वीतभर उंचीचा पांढरा पट्टा ओढला, थोडा वाकडा. पुढे कुणी चेष्टेनं विचारलं, "युसुफचाचा, रिंग बरोबर हाय ना?" तर तो फुरंगटून म्हणायचा, "मापून लावलीय. लोखंड काय दरसाल वाढतं?"

त्याचा सराव रिंगखाली सुरू व्हायचाच नाही. आधी मैदानाला चार फेऱ्या. मग दोन रांगा समोरासमोर, मधे बारा पावलं. छातीपासून छातीकडे पास, कोपरं अंगाला, एक पाऊल पुढे, आणि चेंडू सुटला की दोन्ही अंगठे जमिनीकडे. "आवाज आला!" तो ओरडायचा. "तळव्यावर घेतलास. बोटांवर घे. चेंडू बोलता कामा नये." मग टप्प्याचा पास, समोरचीच्या कमरेशी उठेल असा. मग डोक्यावरून. फिलिपिनो दोस्तांचा एक नियम त्यानं जसाच्या तसा आणला होता. जिला चेंडू द्यायचा तिचं नाव आधी मोठ्यानं घ्यायचं, त्याशिवाय चेंडू हातातून सोडायचा नाही. आणि जिचं नाव येईल तिनं त्याच क्षणी दहाही बोटं पसरून हात छातीशी आणायचे, चेंडू सुटलेला दिसो न दिसो. त्यामुळे त्या आळीत सकाळी घड्याळाची गरज नसे. "शगुफ्ता! आवडी! रिझवाना!" सुरू झालं की बाया चूल पेटवायच्या.

नेम शिकवायची त्याची पद्धतही अशीच चिवट. रिंगपासून दोन पावलांवर उभं राहायचं, डावा हात पाठीमागे, एकट्या उजव्या हातानं चेंडू वर सोडायचा. "शिंक्यावर दुधाचं भांडं ठेवता ना पोरींनो? हात तसा वर जाऊ दे आणि तिथंच ऱ्हाऊ दे. लगेच ओढलात तर दूध सांडंल." दहा पडले की एक पाऊल मागे. आणखी दहा, आणखी एक पाऊल. रोज दोनशे. "डोळ्यांचं काम नाय ह्ये. हाताला उंची पाठ झाली पायजे. डोळे मिटले तरी हात चुकायचा नाय, असं." रिझवानाच्या हाताला ती इतकी पाठ झाली होती की ती खरोखरच डोळे मिटून टाकायची आणि चेंडू जाळीतून खाली यायचा. युसुफ तेव्हा दुसरीकडे बघितल्यासारखं करायचा. बापानं पोरीचं कौतुक करताना कुणी बघू नये अशी त्याची समजूत होती.

मैदान मात्र मातीचं. दर पावसाळ्यात ते उखडायचं, बोर्डाखाली तर म्हशी बसतील एवढं डबकं व्हायचं. त्यावर इलाज होता कोंडाजीकडे. कोंडाजी पोलादपुराकडच्या कापडे गावचा, भातशेतीत वाढलेला, शिपाईगिरी पोटासाठी. दर दसऱ्यानंतर तो तांबडी माती आणायचा, पाणी मारून मुरवायचा, मग चोपण्यानं दोन दिवस चोपायचा आणि वरून शेणानं सारवायचा, गावाकडच्या खळ्यासारखं. बोर्डाखाली पाणी साचू नये म्हणून तिथं भर जरा जास्त. चौऱ्याण्णवच्या पावसात सावित्री नदी मैदानात शिरली आणि राखाडी गाळ टाकून गेली, तोही काढत न बसता दोघांनी तसाच चोपून बसवला. वर नवी माती, वर शेण. चेंडू टण्णकन उसळायचा. युसुफ कोंडाजीला म्हणायचा, "असं मैदान कुवेतात नव्हतं," आणि कोंडाजी लाजून चोपणं धुवायला निघून जायचा.

तालुक्यात दुसरी रिंगच नव्हती, म्हणून दुसरा संघही नव्हता. महाडच्या मुली दरवर्षी हिवाळ्यात थेट अलिबागला, जिल्ह्याच्या सामन्यांना जायच्या आणि दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून यायच्या. पासेस असे की बघणारे उभे राहायचे, आणि बास्केट एकही नाही. शाण्णव साली रिझवाना दहावीत होती, कप्तान होती. युसुफनं ठरवलं होतं, या वर्षी जिंकायचं. त्यानं तसं कुणाला सांगितलं नाही, पण नवीन सदरा शिवून घेतला, म्हणजे सगळ्यांना कळलं.

त्या सामन्यात रिझवानानं एकोणीस वेळा चेंडू टाकला. एकोणीस वेळा तो रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत आला. मध्यंतरात ती बापाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अब्बा, रिंग लांब वाटते."

"भीतीनं लांब वाटते. घाबरलीस तू."

"मी घाबरले नाय, अब्बा. हात बरोबर जातोय."

"हात बरोबर जातो तर चेंडू कुठं जातो? भित्री! माझी लेक असून भित्री निघालीस!"

हे त्यानं हळू म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण युसुफचा आवाज मैदानावरचा. दोन्ही संघ, पंच, अलिबागचे बघे, सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या डावात रिझवानानं एकदाही नेम धरला नाही. चेंडू हातात आला की ती लगेच दुसरीचं नाव घ्यायची आणि देऊन टाकायची. परतीच्या एसटीत बापलेक शेजारी बसले आणि महाड येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर रिझवानानं चेंडू माळ्यावर ठेवला, शिडी उतरली आणि हलिमाला सांगितलं, "अम्मी, आजपासनं या घरात चेंडूचं नाव काढायचं नाय." झालं. युसुफनं चेंडू दुसऱ्या दिवशी गुपचूप दुकानात नेला.

बारावीनंतर रिझवानाचा पुण्याला नर्सिंगला नंबर लागला. पत्र आलं तेव्हा हलिमानं साखर वाटली. दोन दिवसांनी रिझवाना म्हणाली, "मी नाय जाणार. मला भीती वाटते." हलिमानं समजावलं, शेजारणींनी समजावलं. युसुफ पंक्चर काढता काढता एवढंच म्हणाला, "राहू दे. पोरीचा स्वभावच भित्रा हाय." पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. जावई मस्कतला. पोरगी सासरी सुखात होती, म्हणजे तक्रार करत नव्हती. पण रस्ता ओलांडताना थांबायची, बँकेत सही करताना दुसऱ्याला विचारायची, एकटी महाडला यायची नाही. युसुफ बघायचा आणि मनाशी म्हणायचा, आपण चारचौघांत बोललो ते चुकलं, पण बोललो ते खोटं नव्हतं.

सराव त्यानं सोडला नाही. उलट तो अधिक कडक झाला. दरवर्षी नवी पोरं, दरवर्षी अलिबाग, दरवर्षी तोच निकाल आणि परतीच्या गाडीत त्याचं तेच बोलणं. "घाबरलात. हात शिकवता येतो, काळीज शिकवता येत नाय." गावात लोक हसायचे, महाडच्या पोरी सरावात वाघ आणि सामन्यात मांजर. युसुफही त्यांच्यात मान हलवायचा.

दोन हजार दोन साली त्याच्या संघात कोंडाजीची लेक आली, स्नेहल. चौदा वर्षांची, सडपातळ, आणि तोंडानं फटकळ. बापाला जी गोष्ट लाजून सांगता यायची नाही ती ही मुख्याध्यापकांना सांगून मोकळी. सहा वर्षांत पहिल्यांदा युसुफला कुणाचा तरी हात रिझवानासारखा वर जाताना दिसला. त्या दिवशी तो दुकानात जाऊन नुसता बसून राहिला, गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू आली नाही.

अलिबागला सामन्याआधीचा सराव चालू झाला. दोन रांगा, बारा पावलं, नावांच्या हाका, चेंडूचा आवाज नाही. दुसऱ्या संघाचे शिक्षक आपल्या मुलींना म्हणाले, "बघा, याला म्हणतात पास." मग पोरी रिंगखाली गेल्या. स्नेहलनं एका हातानं पहिला चेंडू सोडला. पुढच्या कडेला आपटून परत. दुसरा, परत. आवडीची धाकटी बहीण, परत. बाराच्या बारा जणी, सगळ्यांचे चेंडू एकाच जागी आपटत होते. पण युसुफच्या तोंडाला सवय होती. "घाबरलात!"

स्नेहल चेंडू काखेत धरून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "चाचा, हितली रिंग उंच हाय."

"सगळीकडं दहा फूटच असते."

"ही उंच हाय."

"भीतीनं उंच वाटते गो."

"मी कुनाला भिते?" ती म्हणाली. आणि तिथंच, सगळ्यांसमोर, जाळीखाली जाऊन उडी मारली. "महाडला माझी बोटं जाळीला लागतात. रोज लागतात. हितं बघा." तिनं पुन्हा उडी मारली. बोटं आणि जाळी यांच्यात चांगलं वीतभराहून जास्त अंतर राहिलं.

"जाळी आखूड असंल," युसुफ म्हणाला. पण हे म्हणताना त्याचा आवाज मैदानावरचा राहिला नव्हता. मधेच त्याला दुसरा एक आवाज ऐकू आला होता, सहा वर्षांपूर्वीचा. अब्बा, रिंग लांब वाटते.

सामना हरलेच. परतीच्या गाडीत पोरी त्याच्या नेहमीच्या बोलण्याची वाट बघत बसल्या, तो खिडकीबाहेर बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सराव घेतला नाही. पोरींना कडेला बसवलं, शिडी लावली आणि अकरा वर्षांनी कुवेतची टेप रिंगला लावून खाली सोडली. आठ फूट अकरा इंच. त्यानं टेप गुंडाळली, पुन्हा सोडली. आठ फूट अकरा. तिसऱ्यांदा त्यानं कोंडाजीला वाचायला सांगितलं. कोंडाजीनं बोट ठेवून वाचलं, तेवढंच.

"खांब खचला का काय?" युसुफ म्हणाला.

कोंडाजीनं खांबाच्या बुडाकडे पाहिलं. तिथं पांढरा पट्टा कुठं होता? कुठंच नव्हता. तो कुदळ घेऊन आला, खांबाला लागून त्यानं सुरीनं कापल्यासारखी माती सरळ कापली आणि बाजूला झाला. कापलेल्या कडेवर सगळं स्वच्छ दिसत होतं. तांबडी माती, वर शेणाची काळी रेघ, पुन्हा तांबडी माती, पुन्हा काळी रेघ. मधे एक जाड राखाडी पट्टा, सावित्रीचा. आणि सगळ्यात खाली, खांबाच्या बुडाला मातीनं मळलेला, थोडा वाकडा, रिझवानाचा चुन्याचा पट्टा.

"भाई," कोंडाजी खाली बघत म्हणाला, "आंगण दरसाल वर येतंच. आमी गावाला दर चार-पाच सालानं खरवडून काढतो, नायतर उंबऱ्याला लागतं. मला वाटलं, तुमाला उंचच पायजे. पाणी थांबत नाय म्हणून."

"मला सांगायचंस तरी, कोंडाजी."

"जमीन वर आली की रिंगचं माप बदलतं, ह्ये मला कुठं ठाव? मला वाटलं, एकदा मापलं की झालं, लोखंडाचं हाय, जिथं हाय तिथं हाय." त्यानं कुदळ खाली टाकली. "माझ्या हातानं चोपलं मी. पोरींचं नशीब."

युसुफनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मातीतलं कोंडाजीला कळत होतं आणि मापातलं युसुफला. अकरा वर्षं दोघं एकाच मैदानावर खपत होते, आणि एकाला जे ठाऊक होतं ते दुसऱ्याला विचारावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

मग युसुफ गुडघ्यावर बसला आणि बोटानं काळ्या रेघा मोजायला लागला, खालून वर. ब्याण्णव. त्र्याण्णव. गाळ. चौऱ्याण्णव. पंचाण्णव. शाण्णव. तिथं त्यानं बोट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं टेप लावली. साडेसात इंच. पोरी कडेला बसून बघत होत्या. युसुफचाचा रडतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना आधी वाटलं, त्याच्या डोळ्यात माती गेली.

त्या पोरींची त्यानं तिथंच माफी मागितली. "तुमी घाबरला नव्हता. चूक माझी हाय. पुढच्या साली दहा फुटांवर खेळाल." स्नेहल म्हणाली, "मी सांगितलं होतंच." पण आधीच्या संघांतल्या मुली? कोण मुंबईला, कोण दुबईला, कोण कुठल्या वाडीत भात लावत असेल. त्या सगळ्या काळजानं कच्च्या ठरून महाडातून गेल्या होत्या आणि हे लेबल युसुफनं स्वतःच्या हातानं लावलं होतं. त्यांतली एक वहूरला होती.

रविवारी सकाळी तो वहूरला गेला. काखेत चेंडू, खिशात टेप. रिझवानाची सासू शेजारी गेली होती, दोन वर्षांची नात पाळण्यात झोपली होती. रिझवानानं बापाच्या काखेत बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अब्बा, ह्ये कशाला आणलंत?"

"बस. सांगतो."

त्यानं सगळं सांगितलं. खांब, माती, गाळ, स्नेहलची उडी, चुन्याचा वाकडा पट्टा. मग ओटीवर टेप ठेवून साडेसात इंच बाहेर ओढली आणि तिथं अंगठा दाबून धरला. "तुझ्या वर्षी एवढं वर आलं होतं. तुझा हात बरोबर जात होता. तू मला सांगितलंस, आणि मी चारचौघांत…"

रिझवाना त्या टेपेकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, आणि विचारलं ते अगदी लहान मुलीच्या आवाजात, "म्हंजे मी भित्री नव्हते?"

"नव्हतीस गो."

"तेव्हा पण नाय?"

"तेव्हा पण नाय."

तिनं पाळण्याला झोका दिला. "पुण्याचं पत्र आलं ना अब्बा, तेव्हा मला जायचं होतं. कपडे पण काढून ठेवले होते मी, अम्मीला ठाऊक नाय. मग वाटलं, अब्बांना खेळातलं कळतं, माणसातलं कळतं. ते म्हणतात आपण भित्री, तर असणारच. तिथं जाऊन अर्ध्यावर परत आले तर त्यांची मान पुन्हा खाली जाईल. म्हणून नाय म्हटलं."

युसुफला तो दिवस आठवला. हातात सायकलची ट्यूब होती आणि ती पाण्यात बुडवून तो बुडबुडे शोधत होता. पोरगी समोर उभी होती, बापानं 'जा' म्हणावं म्हणून उभी होती, आणि तो म्हणाला होता, राहू दे. काळजाला घरं पडणं म्हणतात ते त्याला आज कळलं.

"मला माफ कर, बेटा."

"माफ काय करायचं त्यात? तुम्ही मुद्दाम थोडंच केलं." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता. "पण भित्री होते तोवर बरं होतं, अब्बा. वाटायचं, आपल्यात हिंमत नाय, म्हणून आपलं आयुष्य एवढंच. मनाची समजूत पटत होती. आता हे साडेसात इंच मी ठेवू कुठं?"

त्यानं अंगठा काढला, टेप सर्रकन आत गेली. आपण इथवर आलो ते पोरीचं ओझं उतरवायला की आपलं, हेही त्याला आता नीट सांगता आलं नसतं. तो उठला, ओटीच्या पायऱ्या उतरला, चपला घातल्या. चेंडू ठेवून जावा का, असं त्याच्या मनात आलं होतं, पण ठेव म्हणायला तिनं तोंड उघडलं नाही.

अंगणाच्या टोकाशी पोचल्यावर तो वळला. रिझवाना ओटीवर उभी होती. काय झालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही, पण सहा वर्षं घशात अडकलेली मैदानावरची हाक मोठ्यानं बाहेर पडली.

"रिझवाना!"

तिचे हात छातीशी आले. कोपरं अंगाला, दहाही बोटं पसरलेली, जशी त्यानं शिकवली होती तशी. मधे बाराएक पावलांचं अंतर होतं आणि चेंडू युसुफच्या हातात होता. त्याला तो सोडता येईना.

रिझवानानं आपल्याच हातांकडे बघितलं. मग ते खाली घेतले, ओढणीला पुसले आणि म्हणाली, "उन्हाचे जाऊ नका, अब्बा. भात टाकते. जेवून जा."